पितृपक्षातली चांदी

भाद्रपदाचं ऊन कडक झालं की आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतले कावळे भाव खायला लागतात. एरवी त्यांना कोणी कठड्यावर टेकू देत नाही. या पंधरवड्यात मात्र गच्चीगच्चीवर त्यांच्यासाठी पान वाढलेलं असतं, आणि त्यांनी चोच लावायला उशीर केला की शहाणीसुरती माणसं त्यांना हात जोडतात. जिन्यातून खिरीचा आणि वड्यांचा वास येतो. नौपाड्यातल्या सराफांकडे दिवे सगळे लागलेले आणि काउंटरवरच्या मुली आपापली नखं बघत बसलेल्या. पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही, असं सगळे मानतात. फोनवरून बुकिंग करून ठेवतात, ते वेगळं.

मला या दिवसांत कुठेही गेलं तरी रिठ्याचा वास येतो. यंदाही आला. सकाळी दूध तापवताना आला, खोपटच्या डेपोसमोर रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घालताना आला. हा वास खरा नसतो हे मला कळतं. पण खातरजमा केल्याशिवाय मी काहीच सोडत नाही, त्यामुळे रिक्षातून उतरल्यावर मी स्वतःचे हातसुद्धा हुंगून बघितले. रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईंना त्याच्या सीटचा वास येतोय.

माझं माहेर कल्याणचं, पारनाक्याच्या अलीकडच्या एका गल्लीतलं, आणि आमचं घर टाक घडवणाऱ्यांचं. देवघरात कुलदेवतांच्या प्रतिमा उठवलेले चांदीचे छोटे पत्रे असतात ना, बोटभर उंचीचे, तेच टाक. रोजच्या पूजेत ते घासून घासून झिजतात. पंचवीस-तीस वर्षांत भवानीचं नाक जातं, खंडोबाच्या घोड्याचे पाय जातात, आणि मग ते नवे करून घ्यावे लागतात. घटस्थापनेला नवे टाक देव्हाऱ्यात हवेत, म्हणजे काम पितृपक्षात. सगळा बाजार थंड असायचा तेव्हा आमच्या भट्टीला उसंत नसायची.

पणजोबा जुन्नरकडून कल्याणला आले ते पोत्यात ठसे भरून. ठसा म्हणजे देवाचा ओतीव साचा. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिशाची लादी, आणि हातोडे घालायचे, की देव पत्र्यावर उठतो. मग बारीक छिन्नीने डोळे, दागिने, घोड्याचा लगाम. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आणि आता माझ्या थोरल्या भावाकडे असे ते ठसे आले. कोणत्या घरच्या खंडोबाचा घोडा उजवीकडे बघतो आणि कोणत्या घरचा डावीकडे, हे आमच्याकडे लहानपणीच पाठ व्हायचं. पाढे मागाहून.

आता यात संशय कुठून आला, तर तो या कामातच आहे. रीत अशी की जुन्या टाकाची चांदी नव्या टाकात गेलीच पाहिजे. त्या चांदीला चार पिढ्यांच्या बायकांचे हात लागलेले असतात, घरातली लग्नं, बारशी, आजारपणं तिने बघितलेली असतात. दुसरी चांदी कितीही शुद्ध असली तरी ती त्या घरची नसते. आणि एकदा मुशीत वितळली की सगळ्या घरांची चांदी सारखीच दिसते. म्हणून टाक घेऊन आलेलं माणूस दुकानातल्या बाकड्यावर बसायचं आणि काम पुरं होईपर्यंत हलायचं नाही.

किती तऱ्हेची माणसं त्या बाकड्यावर बसून गेली. डोंबिवलीहून येणारी मंडळी पोळीभाजीचा डबा बरोबर आणायची. एक आजोबा दिवसभर पेपर धरून बसायचे, पण पान एकदाही उलटायचे नाहीत. एका बाईंनी टाकाच्या पाठीवर ओळखीसाठी सुईने बारीक खूण करून आणली होती, आणि चांदी वितळल्यावर ती खूण कुठे गेली म्हणून त्या हिरमुसल्या. अण्णा सगळ्यांना चहा विचारायचे. बरेच जण नको म्हणायचे. कपात बघावं लागतं, तेवढ्या वेळात भट्टीकडे बघायचं राहून जाईल.

अण्णाही काही कमी नव्हते. आलेला प्रत्येक टाक ते आधी दगडावर वाजवून ऐकायचे, मग कसोटीवर घासायचे, मग वजन करून चिठ्ठी लिहायचे. ठसे कुलपात. दुसरा कोणी मेणावर छाप उचलून नेईल, या धास्तीने त्यांनी सख्ख्या चुलतभावाला कधी ठसा हातात दिला नाही. संध्याकाळी दुकान झाडलं की केर पिंपात भरून ठेवायचा, कारण त्यात चांदीचा कण असतो. दिवाळीनंतर झारेकरी यायचा, तो केर धुऊन चांदी काढणारा. अण्णांना वाटायचं तो चांदी कमी सांगतो, त्याला वाटायचं अण्णांनी केरात राख मिसळलीय. दोघे एकमेकांना फार आदराने बोलायचे.

अशा घरात वाढलेली मुलगी भाबडी कशी निघेल? भाजीवालीचा काटा मी अजून बाजूने वाकून बघते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवऱ्याने चांदीचं निरांजन आणलं, ते मी त्याच्यासमोर फरशीवर वाजवून ऐकलं. तो बिचारा ओवाळून घ्यायच्या तयारीत पाटावर बसला होता. मुलगा म्हणतो, आई, तू आरशातल्या स्वतःलासुद्धा आधी पीपहोलमधून बघशील. बघेनही.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण माझ्या संशयाचं मूळ हसण्यासारखं नव्हतं. ते माझ्या बारावीच्या वर्षीच्या पितृपक्षात आहे, आणि ते मी घरात कोणालाच कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी टाक धुवायचं काम माझ्याकडे होतं. जुना टाक वितळवण्याआधी स्वच्छ करावा लागतो. त्यावर तेल, हळद, कुंकू, दह्यादुधाचे थर बसलेले असतात. दुकानाच्या मागे मोरी होती. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी कुस्करायचे, घमेल्यात फेस करायचा आणि मऊ ब्रशने हळूहळू घासायचं. आधी पाणी पिवळं व्हायचं, मग काळं, आणि मग त्या फेसातून एखादी भवानी डोळे उघडल्यासारखी वर यायची. मला ते आवडायचं. वासही आवडायचा, जरा आंबट, जरा उग्र, हाताला दिवसभर राहणारा. मोरीच्या कट्ट्यावर फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवून मी ते काम करायची. अण्णा येता-जाता म्हणायचे, "शुभे, देवांना आंघोळ घालते आहेस. कपडे धुतल्यासारखी आपटू नकोस."

एका वेळी एकाच घरची पुरचुंडी, हा त्यांचा नियम. क्लासची घाई असली की मी दोन-दोन पुरचुंड्या एकदम घमेल्यात टाकायची आणि नंतर वेगळ्या करायची. माझी नजर पक्की होती. धुतलेले टाक चिठ्ठीसकट अण्णांपुढे ठेवायचे, की ते पुन्हा वजन करायचे. मळ गेल्यामुळे टाक जरा हलका भरायचा, तेवढा फरक धरलेलाच असायचा. मग मूस तापायची आणि बाकड्यावरचं माणूस पुढे सरकून बसायचं.

सर्वपित्रीच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. क्लासहून संध्याकाळी परत आले तर दुकानाच्या पायरीवर चौधरीकाकू उभ्या होत्या. त्या डोंबिवलीच्या, आमच्याकडे त्यांच्या सासूच्या वेळेपासून येणं. सकाळी खंडोबाचा टाक घेऊन आल्या होत्या आणि दिवसभर बाकड्यावर बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यासमोर उभे होते. गिऱ्हाइकासमोर उभे राहिलेले अण्णा मी तोवर बघितले नव्हते. ते नेहमी आपल्या बैठकीवरून बोलायचे. त्यांच्या तळहातावर एक जुना, धुतलेला खंडोबा होता.

"काकू, हा तुमचा," अण्णा म्हणाले. "तुमच्या नव्या टाकात दुसऱ्या घरची चांदी गेली. माझ्या हातून झालं."

काकूंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी इथून हलले नव्हते, अण्णा. घोटभर पाणी प्यायले नाही तुमच्याकडचं. मग कधी केलंत?"

अण्णा गप्प.

"सांगा ना. माझ्या डोळ्यांदेखत कधी केलंत?"

"चूक झाली, काकू. हा घ्या, मी उद्या याचा नवा करून देतो."

"चुकणाऱ्याचा हात दिसतो. तुमचा दिसला नाही," काकू म्हणाल्या. "सवयीचा असेल."

त्यांनी जुना टाक पदराला बांधला आणि नवा, दिवसभर खपून घडवलेला, बाकड्यावर ठेवून निघून गेल्या. जाताना माझ्या शेजारून गेल्या, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गल्लीतले दोन-तीन दुकानदार आपापल्या दारात येऊन उभे होते.

मी पायरीखाली दप्तर घेऊन उभी होते आणि मलाही तोच प्रश्न पडला होता. कधी केलंत? काकूंसारखी बाई सहा-सात तास समोर बसलेली असताना देव बदलायचा, म्हणजे केवढी सफाई पाहिजे. परत दिलेला टाक मला लांबूनही जाडसर वाटला होता. म्हणजे जड ठेवून घेतला आणि हलका घातला. मग परत का दिला? कोणीतरी बघितलं असणार, म्हणून. सतरा वर्षांच्या मुलीचं डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही, आणि माझं तर संशयाच्या शाळेत तयार झालेलं. रात्री जेवायला बसेपर्यंत माझ्या वडिलांविरुद्धचा खटला माझ्यापुरता संपला होता.

त्यानंतरच्या प्रत्येक गोष्टीने माझी खात्रीच वाढवली. दुसऱ्या दिवसापासून अण्णा टाक स्वतः धुवायला लागले. गुडघे धरलेले, उकिडवं बसवत नव्हतं, तरी मोरीत पाट टाकून बसायचे. मला म्हणाले, "तू आता खाली येऊ नकोस. अभ्यास कर." मी मनात म्हटलं, साक्षीदार नको झालाय. जेवताना ते माझ्या नजरेला नजर देईनात. मी म्हटलं, बरोबर आहे. ज्यांची चांदी चुकीच्या टाकात गेली होती ते टिटवाळ्याचं कुटुंब, न बसता आमच्यावर विसंबून टाक ठेवून गेलेलं, परत आलं, त्यांनाही अण्णांनी हात जोडून सगळं सांगितलं. ते ऐकून गेले आणि पुढच्या खेपेला आले नाहीत. मी म्हटलं, कसे येतील.

एवढी वर्षं झाली तरी त्या पुढच्या वर्षीचा पितृपक्ष मला आठवतो, कारण बाकडं रिकामं होतं. ऊन तेच, कावळे तेच, शेजारच्या घरातून भोपळ्याच्या भाजीचा वास तोच. आमच्याकडे भट्टी पेटलेली आणि समोर कोणी नाही. कल्याणचे टाकवाले देव बदलतात, हे डोंबिवलीपासून अंबरनाथपर्यंत पोचलं होतं. पणजोबांनी पोत्यातून आणलेल्या ठशांवर अण्णा रोज तेलाचा हात फिरवायचे आणि कुलपात ठेवायचे. तीन-चार वर्षांनी लोक हळूहळू परत यायला लागले, कारण हाताने टाक घडवणारं दुसरं कोणी जवळपास नव्हतं. पण येणारा आधी दोन मिनिटं पायरीवर उभा राहून आत बघायचा.

माझ्या लग्नात अण्णांनी रीतीप्रमाणे अन्नपूर्णा दिली. विकत आणलेली नाही, स्वतः घडवलेली. तिच्या हातातल्या पळीला त्यांनी एवढी बारीक वेल काढली होती की सासरच्या बायका ती खिडकीपाशी नेऊन बघत होत्या. महिनाभराने मी ती पर्समध्ये घालून नौपाड्यातल्या एका सराफाकडे नेली आणि तपासून घेतली. नवऱ्याला सांगितलं, देवळात जाऊन येते. चांदी अगदी शुद्ध निघाली. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, चला, मुलीच्या बाबतीत तरी खरं वागले.

अण्णा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ते माझा हात हातात घेऊन अंगठ्याने तळवा चोळत बसायचे. मी वाट बघायची की आता सांगतील. एवढं तर प्रत्येक माणूस शेवटी सांगतो, असं मला वाटायचं. ते विचारायचे, "तुझं बरं चाललंय ना?" मी म्हणायची, "हो, अण्णा." आणि तळवा सोडवून घेऊन त्यांचं पांघरूण नीट करायची.

यंदा हे सगळं वर यायला निमित्त माझ्या सासरच्या टाकांचं झालं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांनी पन्नास वर्षं हे टाक रोज घासले होते, इतके, की भवानी कोणती आणि जोगेश्वरी कोणती हे मला आता नुसतं जागेवरून कळतं. नवरात्राआधी नवे करायला हवे होते. मी आधी नौपाड्यात गेले. तिथल्या मुलाने मशीनवर छापलेले टाक प्लास्टिकच्या डबीत आणून ठेवले. सगळ्या देवांचे चेहरे एकसारखे गुबगुबीत. "आमची जुनी चांदी यातच जाईल ना?" मी विचारलं. "हो मॅडम, एक्स्चेंजमध्ये घेऊ ना," तो म्हणाला. मी पुरचुंडी उचलली आणि बाहेर आले. दादाकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. इतकी वर्षं मी तिकडे जेवायला गेले, भाऊबिजेला गेले, पण चांदी घेऊन कधी गेले नव्हते. खोपटहून बस धरताना मी स्वतःला बजावलं, डोळ्यात तेल घालून बसायचं. भाऊ असला म्हणून काय झालं?

दुकान आता थोडं पुढे आलंय. कोळशाच्या भट्टीऐवजी गॅस, तराजूऐवजी आकडे दाखवणारा काटा. दादाने आपल्या बैठकीवर कॅमेरा लावलाय आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही. गिऱ्हाइकाला त्याचे हात मोठे करून दिसतात. "लोकांना बरं वाटतं," तो म्हणाला. टाकांचे डोळे आता त्याची मुलगी कोरते. तिच्या हाताला अण्णांचं वळण आहे असं वहिनी म्हणते. बाकड्यावर डोंबिवलीच्याच एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पुरचुंडी, पर्समधून डब्याचं झाकण डोकावत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. गिऱ्हाइकांच्या बाजूने ते दुकान मी पहिल्यांदाच बघत होते.

दादाने माझे टाक वजन करून चिठ्ठी लिहिली आणि मागे मोरीकडे निघाला. मी उठून त्याच्या मागोमाग गेले.

"इथे मी कोणाला येऊ देत नाही, शुभे," तो म्हणाला. पण हसला आणि मला दारात उभं राहू दिलं.

तेच घमेलं नव्हतं, वास मात्र तोच, आणि या वेळी खरा. दादा माझे टाक एकेक करून धूत होता. साठीला आलेला माणूस, पाठीत वाकलेला. प्रत्येक टाक पुसून फडक्यावर ठेवत होता. मला उगाच घाई झाली.

"त्या बाहेरच्या बाईंचेही यातच टाक ना," मी म्हटलं. "दोन्ही एकदम होतील. अर्धा तास वाचेल."

दादाचा ब्रश थांबला. "तू अशीच धुवायचीस."

"हो. आणि एकदाही गफलत केली नाही."

तो घमेल्याकडे बघतच म्हणाला, "एकदा केलीस."

मी तेव्हा काय विचारलं ते मला नीट आठवत नाही. त्याने सांगितलं ते आठवतं. तो तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता, अण्णांच्या शेजारच्या बैठकीवर बसायचा.

"चौधरीकाकूंचा खंडोबा आणि टिटवाळ्याचा खंडोबा, दोन्ही तू एकत्र धुतलेस आणि क्लासला पळालीस. घोडे दोन्ही उजवीकडचे, दोन्ही सारखेच झिजलेले. काकूंच्या चिठ्ठीवर जो ठेवला होतास तो जरा कमी भरला. मळ गेला असेल म्हणून अण्णांनी वितळवला. दुपारी टिटवाळ्याचा काट्यावर ठेवला तर तो आधीपेक्षा जास्त भरला. अण्णांनी तीनदा वजन केलं. धुऊन चांदी कधी वाढते का, शुभे?"

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, दादा बापाचं नाव राखायला हे रचून सांगतोय. मी तसं बोललेसुद्धा. "आणि याला पुरावा काय?"

"काही नाही," दादा म्हणाला. "मी तिथे बसलो होतो, एवढाच."

"मग काकूंना का नाही सांगितलं? मुलीने धुताना घोटाळा केला, म्हणाले असते तर त्यांना पटलं असतं."

"लगेच पटलं असतं. काकू विचारत होत्याच ना, कधी केलंत, कधी केलंत. त्यांची नजर दिवसभर भट्टीवर. मोरीकडे कोण बघत होतं?" त्याने टाक पालथा केला. "पण तू समोर उभी होतीस, दप्तर घेऊन. तुझी बारावी होती."

"बारावी झाली, दादा. त्याला चौतीस वर्षं झाली."

"तुला काय वाटतं ते अण्णांना ठाऊक होतं. अन्नपूर्णा तपासून आणलीस तेही कळलं होतं. नौपाड्यातले ते सराफ टाक आमच्याकडूनच न्यायचे. त्यांनी अण्णांचं काम बघताच ओळखलं."

मी दाराची चौकट धरली. "मग बोलले का नाहीत मला?"

"मी म्हटलं त्यांना, आता तरी सांगून टाका. म्हणाले, माझ्यावर संशय घेऊन ती ताठ चालते आहे ना, चालू दे. स्वतःवर घ्यायची वेळ आली तर वाकेल."

एवढं बोलून दादाने घमेल्यातलं पाणी ओतलं, घमेलं पुसलं, नवीन रिठे घेतले.

मी त्या दिवसाची सकाळ आठवायचा फार प्रयत्न केला. फेस आठवला, पुस्तक आठवलं, पुस्तकावरचे ओल्या बोटांचे डाग आठवले. दोन खंडोबा आठवले नाहीत. जिची नजर इतकी पक्की होती तिने ते बघितलेच नव्हते, नुसते उचलून ठेवले होते. दादाच्या सांगण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते मी वाजवून किंवा घासून बघू शकत नव्हते. मी ते खरं मानलं. अण्णांचा अंगठा माझ्या तळव्यावर फिरायचा तेव्हा मी हात सोडवून घेत होते, हे आठवलं आणि मग मला तिथे उभं राहवेना.

बाहेर येऊन बाकड्यावर बसले तर रडू आवरेना. पन्नाशी उलटलेली बाई भर दुपारी दुकानात बसून रडते, हे किती वाईट दिसतं ते मला कळत होतं. पदर नव्हता, ओढणी होती, ती तोंडावर धरली. समोर टीव्हीवर दादाची रिकामी बैठक दिसत होती. दादा माझे धुतलेले टाक घेऊन आला आणि काट्याशी बसला. शेजारच्या बाईंनी मांडीवरची पुरचुंडी दोन्ही हातांनी धरली, माझ्यापासून जराशा सरकल्या आणि माझ्याकडे न बघता दादाला विचारलं, "यांचं काही कमी भरलं का हो?"

दादा गप्प राहिला. तो बोलणार नाही हे मला कळलं. आमच्या घरचे पुरुष अशा वेळी गप्प राहतात आणि माणसं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावतात. मी डोळे पुसले.

"नाही हो, कमी काही नाही भरलं," मी म्हटलं. माझा आवाज गल्लीत जात होता, तो मी जाऊ दिला. "मी पूर्वी इथे टाक धुवायचे. दोन घरांचे देव माझ्या हातून एकमेकांत गेले. माझ्या वडिलांनी ते स्वतःवर घेतलं. अण्णांनी कधीच कोणाचा देव बदलला नव्हता."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. मग त्या दादाकडे वळल्या.

"माझे यांच्याकडे धुवायला देऊ नका हं."

"नाही देणार," दादा म्हणाला.